छायाचित्रांतील ‘व्यक्ति’ आणि ‘जाति’

धायरी येथील एका घराण्याचें दप्तर पाहतांना मोडी कागदांत पुठ्ठ्यावर चिकटविलेलें एक जुनें छायाचित्र प्रस्तुत लेखकास मिळालें. पागोटें, अंगरखा व उपरणें धारण केलेला एक गृहस्थ खुर्चीवर बसला आहे. पाठीवर शिसपेन्सिलीनें इंग्रजींत ‘मराठा ब्राह्मण’ असें लिहिलें असून खालीं शाईनें मोडींत ‘वडील बंधु’ इतकींच अक्षरें आहेत. यादींत आम्हीं प्रथम वरचा शेराच उतरला, ही चूक कबूल केली पाहिजे.

अशा शेऱ्यांची परंपरा जुनी आहे. लॉर्ड कॅनिंग यांच्या कारकीर्दींत आरंभिलेला चित्रसंग्रह ‘द पीपल ऑफ इंडिया’ ह्या नांवानें १८६८ ते १८७५ या काळांत आठ खंडांत लंडनहून निघाला. त्यांत बहुधा माणसाचें नांव नाहीं. जात किंवा टोळी आहे. आपल्या प्रांतापुरता विल्यम जॉन्सन याचा मुंबईंतील लोकांविषयींचा ग्रंथ अधिक बोधप्रद होय. त्याचे दोन भाग १८६३ व १८६६ सालीं निघाले. दुसरा महाराष्ट्राविषयीं आहे. यांतील पुष्कळ चित्रें जोडकाम आहेत: माणसें चित्रशाळेंत बसवावयाचीं आणि त्यांच्या आकृति भलत्याच ठिकाणच्या देखाव्यावर जोडावयाच्या. पायांशीं सावली नसणें, आकृतीची कड कापल्यासारखी दिसणें, उजेड दोन दिशांनीं येणें, ह्या खुणा संग्राहकांनीं भिंगाखालीं पाहाव्या. दोष केवळ गोऱ्यांचाच असेंही नाहीं. १८५४ सालीं मुंबईंत निघालेल्या फोटोग्राफिक सोसायटींत डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी सभासद होते, व त्यांनींही नाना प्रकारच्या देशी लोकांचीं चित्रें काढिलीं.

न्यायशास्त्रांत व्यक्ति, आकृति व जाति हे तिन्ही मिळून पदाचा अर्थ मानिला आहे. (तेथील ‘जाति’ म्हणजे सामान्य, ज्ञात नव्हे; पण शब्दाचा योग मार्मिक आहे.) कॅमेऱ्यापुढें व्यक्ति बसली, काचेवर आकृति उमटली, आणि खालीं छापली ती मात्र जाति.

आमच्या चित्रांत जोड नाहीं. खुर्चीची व पायांची सावली एकाच बाजूस पडली आहे. तें घरच्यांनीं हौसेनें काढविलेलें दिसतें. शिवाय इंग्रजी शेऱ्याचें एक शेपूट मोडी अक्षरांच्या शाईवरून गेलें आहे. अर्थात् शेरा मागाहूनचा, व बहुधा परक्या हाताचा. यादींत आतां ‘अज्ञातनामा, वडील बंधु’ अशी नोंद असून पेन्सिलीचा मजकूर ‘परहस्त’ म्हणून निराळा दिला आहे. हे बंधु कोणत्या पिढीचे, हें दप्तरांतील पत्रांशीं मोडी वळण ताडून ठरवावयाचें आहे.