राम जोशींचा फोटो आणायचा कुठून?

माध्यमशिक्षण घेणाऱ्या सोलापूरच्या मुलांना अल्बमचं मुखपृष्ठ आणि वेष्टन करायचा प्रकल्प मिळाला, तर विषय घरचाच घ्यावा: पेशवाईतले सोलापूरचे शाहीर राम जोशी. त्यांच्या चार-पाच लावण्या कॉलेजातल्याच कुणाकडून गाऊन घेतल्या की गाण्यांची सोय झाली. अडतं ते मुखपृष्ठापाशी. छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये. राम जोशी त्याआधीच गेलेले. त्यांचा फोटो असणारच नाही. शोधाशोधीत एखादा फेटेवाला देखणा चेहरा सापडेल, पण तो १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ चित्रपटातल्या जयराम शिलेदारांचा निघायचा.

मग चादरीची नक्षी लावू, असं कुणीतरी सुचवतंच. सोलापूर म्हटलं की चादर! पण इथली जुनी गिरणी सुरू झाली १८७७ मध्ये आणि जकार्ड चादरींचं नाव झालं त्यानंतर. पेशवाईतल्या लावणीला ती पांघरण्यात अर्थ नाही.

मग मुखपृष्ठावर घ्यावं काय? पंढरपुरात कॅसेटी विकल्या जायच्या, तेव्हा भक्तिगीतांच्या कव्हरवर विठ्ठल मोठा आणि गायक कोपऱ्यात असायचा. गिऱ्हाइकाला लांबूनच कळायचं, आत काय आहे ते. १९४०च्या सुमारास अमेरिकेत अॅलेक्स स्टाइनवाइस या डिझायनरनं कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डींवर चित्रं आणली, त्यामागचा विचारही हाच. तोवर रेकॉर्डी साध्या, एकरंगी पुठ्ठ्यात मिळत. राम जोशींसाठी मी तरी डफ निवडेन. अख्ख्या चौकोनात फक्त ताणलेलं कातडं, कडेची लाकडी चौकट आणि त्यावर टेकलेली बोटं. मोबाइलवर नखाएवढं झालं तरी ते गोल रूप ओळखू येतं.

आता मोजमाप. ऑनलाइन गाण्यांसाठी साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचं चित्र मागतात. छपाईच्या ३०० डीपीआयला ते भरतं जेमतेम १० इंच; म्हणजे सीडीला भरपूर, १२ इंची रेकॉर्डीच्या कव्हरला तोकडं. म्हणून मूळ चित्र मोठंच करावं. सीडीची पुस्तिका १२० मिलिमीटर चौरस, मागचा कागद १५१ बाय ११८. त्यातच दोन्ही कडांना दुमडायच्या सहा-साडेसहा मिलिमीटरच्या पट्ट्या येतात. डबी मांडणीत उभी राहिली की दिसते फक्त ही पट्टी, आणि मुलं नेमकी तीच कोरी सोडतात. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा छपाई, द्यावा, नाहीतर कापताना पांढरी कड राहते. छपाईआधी साध्या कागदाची डमी कापून, दुमडून डबीत बसवून बघावी.

देवनागरीचं दुखणं वेगळं. इंग्रजी शीर्षकासारखी अक्षरं ऐसपैस पसरवली की शिरोरेखा तुटते आणि ‘राम’चे दोन तुकडे होतात. ओळी फार जवळ घेतल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. प्रेसवाले ‘फाइल कर्व्ह करून आणा’, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून आणा, म्हणतात ते ऐकावं. आपला फॉन्ट त्यांच्या मशीनवर नसला, तर लावणीच्या जागी भलतीच चिन्हं छापून येतात.

मागच्या बाजूची बारीक अक्षरं शेवटच्या रात्रीवर ढकलू नयेत. राम जोशींच्या शब्दांवर आता कुणाचा हक्क नाही; कवीच्या निधनानंतर ६० वर्षांनी तो संपतो. नव्या ध्वनिमुद्रणावर मात्र असतो. वर्तुळातला ‘पी’ ध्वनिमुद्रणासाठी, वर्तुळातला ‘सी’ चित्र-मजकुरासाठी. दोन्हींपुढे वर्ष आणि नाव हवं. आणि ज्यांच्या बोटांचा फोटो पुढे छापला, त्या डफवाल्यांचं नावही इथे पूर्ण द्यावं, नुसतं ‘साथसंगत’ नव्हे.