‘रिझर्व्ह्ड’ कोणाला म्हणावे? स्वभाव, जागा आणि लादलेले मौन

‘तो जरा रिझर्व्ह्ड आहे.’ हे वाक्य नागपुरात दोन प्रसंगी ऐकू येते. लग्नाची बोलणी चालू असताना कोणी असे म्हटले, तर मुलगा कमी बोलतो असा अर्थ होतो. कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत हेच वाक्य आले, तर बोलणाऱ्याच्या मनात त्या मुलाची जात असते. शब्द एकच, पण पहिल्या वापरात ओळख आहे आणि दुसऱ्यात टोमणा. म्हणून हा शब्द नीट समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

शब्दाचा मूळ अर्थ

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘सेर्वारे’ म्हणजे राखणे. मागे राखून ठेवलेले ते रिझर्व्ह्ड. रेल्वेचा डबा, मतदारसंघ आणि मितभाषी माणूस या तिघांना एकच शब्द लागतो तो यामुळेच. मराठीतही ‘राखीव जागा’ आणि ‘राखून बोलणे’ एकाच क्रियापदातून आले आहेत.

माणसाच्या स्वभावासाठी हे विशेषण वापरले, तर अर्थ असा: आपल्या भावना आणि मते चटकन उघड न करणारा. बोलताना आपण ‘तो रिझर्व्ह आहे’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘रिझर्व्ह्ड’ हेच रूप बरोबर.

जवळच्या शब्दांशी त्याची गल्लत होते. ‘शाय’ म्हणजे बुजरा. त्याला बोलायचे असते, पण भीती वाटते. ‘इंट्रोव्हर्ट’ म्हणजे अंतर्मुख. कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथानंतर हा शब्द रूढ झाला. ‘रेटिसेंट’ म्हणजे बहुधा एखाद्या ठराविक विषयावर बोलायचे टाळणारा. रिझर्व्ह्ड माणूस घाबरट असतोच असे नाही, गर्विष्ठही नसतो. वेळ आली की तो स्पष्ट बोलतो.

राखीव असते ती जागा

आता दुसरा वापर. संविधानाच्या कलम १६(४) मध्ये आरक्षण आहे ते नियुक्त्यांचे आणि पदांचे. कलम ३३० आणि ३३२ मध्ये लोकसभेच्या व विधानसभांच्या जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे. आपला उत्तर नागपूर मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे राखीव असते ती जागा, ते पद, तो मतदारसंघ. माणूस कधीच राखीव नसतो. ‘ती रिझर्व्ह्ड आहे’ असे जातीच्या अर्थाने म्हणणे भाषेच्या दृष्टीने चूक आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. ‘ती या जागेसाठी पात्र ठरली’ एवढे पुरे.

गप्प असणे आणि गप्प केले जाणे

तिसरी गल्लत अधिक खोल आहे. वर्गात आडनाव विचारले गेले आणि त्यानंतर मुलगा वर्षभर बोललाच नाही. शिक्षक म्हणतात, मुलगा हुशार आहे, पण रिझर्व्ह्ड आहे. हा त्याचा स्वभाव नव्हे. घरी आणि वस्तीत तोच मुलगा भरभरून बोलतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते. ज्यांचा आवाज समाजाने दाबून टाकला होता त्या मूक माणसांसाठी ते होते. लादलेल्या मौनाला स्वभावाचे नाव दिले की लादणारा सुटतो.

बुद्धांची दृष्टी

धम्मात कमी बोलण्याचा मान आहे. व्यर्थ बडबड टाळणे हा सम्यक वाचेचाच भाग आहे आणि विपश्यनेच्या शिबिरात आर्य मौन पाळले जाते. पण विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग येतो. काही भिक्खूंनी संपूर्ण वर्षावास एकमेकांशी न बोलता काढला आणि ते तथागतांना भेटायला आले. तथागतांनी कौतुक केले नाही. मूकव्रत घेऊ नये असे सांगून त्यांनी पवारणेचा नियम घालून दिला. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खूंनी आपले दोष दाखवण्याची एकमेकांना विनंती करायची. मौन साधनेसाठी आहे. जिथे बोलणे हिताचे आहे तिथे बोलायचेच.

तेव्हा यापुढे कोणाला ‘रिझर्व्ह्ड’ म्हणण्याआधी आपण स्वतःला विचारू या. मी याचा स्वभाव सांगतो आहे की जात? आणि हा आपणहून गप्प आहे की कोणी याला गप्प केले आहे? आपल्या मुलांनाही हा फरक सांगू या. कमी बोलणारे असाल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र कोणी तोंड बंद केले असेल, तर ते उघडण्याचा हक्क तुमचा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!