पानं खुडावीत की शेंडा?

पऱ्हाटी कमरेला लागली, दोन ओळींमधून वाट दिसेना झाली, की हात शिवशिवतात: खालची चार पानं ओरबाडू का? ‘नांदेड ४४’ हे कापसाचं वाण देणाऱ्या नांदेडच्या मुलखात प्रश्न जुनाच आहे.

निरोगी पान तोडू नका. बोंडाला लागणारी साखर मुख्यतः त्याच्याच शेजारचं पान पुरवतं. ते गेलं की बोंड उपाशी. पिवळं पडलेलं, रोगट पान मात्र खुशाल काढा.

खरी गंमत फांद्यांत आहे. बुडाजवळून खोडासारखी सरळ वर चढते ती गळफांदी. तिला थेट पातं लागत नाही, अन्न मात्र ती भरपूर ओढते. नागमोडी, आडवी जाते ती फळफांदी; तिच्या प्रत्येक पेऱ्यावर पातं. परभणीच्या दादा लाड यांच्या पद्धतीत गळफांद्या लवकर काढतात आणि पुढे शेंडा खुडतात.

शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरत बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात बाकल्याच्या रोपांचे शेंडे छाटून तिथे ऑक्सिन लावलं, तर बाजूचे डोळे झोपलेलेच राहिले! म्हणून तर तुरीचा शेंडा वेळेवर खुडला की झाड डेरेदार होतं. कापसात हेतू वेगळा: उंची थांबवून अन्न बोंडांकडे वळवायचं. पण कोरडवाहू रानात, पावसाने ताण दिलेला असताना कात्री खिशातच बरी.