दहा राग आणि तीन यंत्रे

हिंदी चित्रपटगीतांच्या तबकडीवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापली जात, वादकांची क्वचितच. चरणजित सिंग (निधन २०१५) हे मुंबईच्या याच निनावी वादकवर्गातले होते. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत ते गिटार, बास गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे भात्याऐवजी विजेवर स्वर देणारे अकॉर्डियन, वाजवीत. शिवाय लग्नसमारंभांच्या मंचावर चित्रपटगीते सादर करणे हाही त्यांच्या व्यवसायाचाच भाग होता.

१९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटानंतर डिस्कोची लाट उसळली, तेव्हा सिंग यांनी सिंगापूरहून आणलेली रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे एका लयीत बांधली: तालासाठी टीआर-८०८, सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि खर्जासाठी टीबी-३०३. हे शेवटचे यंत्र एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून बनवलेले होते. त्यात सोळा टप्प्यांची स्वरावली आधी भरून ठेवली की ती अखंड फिरत राहते आणि हवे तेथे एक स्वर पुढच्या स्वरावर घसरतो. बासचा हुबेहूब आवाज त्यातून निघत नसल्याने ते बाजारात पडले. मात्र ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या १९८२ च्या संग्रहात सिंग यांनी त्याला बासची नक्कल करायला लावलेच नाही, भैरव, ललित, तोडी, मधुवंती, मालकंस अशा दहा रागांचे स्वरच त्यात फिरते ठेवले.

यंत्राची ही घसरण मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याची, आठवण देते, पण ती मींड नव्हे, कारण या घसरणीचा कालावधी ठरलेला असतो, आणि भैरवातील कोमल ऋषभाचे आंदोलन, म्हणजे त्या स्वराचे संथ हेलकावे, तिला साधत नाही. यंत्रावर राग वाजवण्याला शुद्धतावाद्यांचा असलेला आक्षेप या मर्यादेपुरता रास्तच आहे. तथापि डिस्कोत अपेक्षित असलेली स्वरसंगतींची, म्हणजे कॉर्डची, अदलाबदल जवळजवळ वगळून एकाच षड्जाभोवती सारी रचना फिरवण्याचा निर्णय रागसंगीत जाणणाऱ्यालाच सुचावा असा आहे, आणि संग्रहाचे नावीन्य यंत्रांहूनही या निर्णयात अधिक आहे.

संग्रह खपला नाही, आणि सिंग पुन्हा लग्नांच्या मंचावर वाजवू लागले. पुढे शिकागोच्या तरुणांनी याच टीबी-३०३ च्या पिळदार, चिरक्या आवाजावर ॲसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा केला. त्याची आद्य मानली जाणारी तबकडी १९८७ ची. २०१० मध्ये एका डच प्रकाशकाने सिंग यांचा संग्रह पुन्हा काढला, तेव्हा युरोपातील श्रोत्यांनी त्यांना त्या प्रकाराचे जनक ठरवले. हा किताब ऐतिहासिक दृष्ट्या टिकत नाही, कारण शिकागोपर्यंत ही तबकडी पोहोचल्याचा पुरावा नाही. सिंग आणि शिकागोचे तरुण यांच्या संगीतातले साम्य येते ते त्या फिरत्या सोळा टप्प्यांतून. सिंग यांना मात्र या किताबामुळे उतारवयात युरोपच्या रंगमंचांवर हेच राग वाजवण्याची संधी मिळाली, आणि तेथील फलकांवर नाव त्यांचे होते.