मोटारीतला दवाखाना

कॉलेजातले मंडळ म्हटले की आपल्याला स्नेहसंमेलन आणि फिशपाँड आठवतात. अमेरिकेतली ग्रीक अक्षरांची भगिनीमंडळेही पुष्कळांना तशीच वाटतात. पण ‘अल्फा कप्पा अल्फा’ची गोष्ट निराळी. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी हे मंडळ १९०८ साली काढले. पदवी मिळाली तरी त्याचे सभासदत्व सुटत नाही.

१९३५ च्या उन्हाळ्यात मंडळाच्या डॉ. डोरोथी फेरेबी शिक्षिका-परिचारिका मैत्रिणींना घेऊन मिसिसिपी राज्यातल्या होम्स परगण्यात गेल्या. बरोबर देवीच्या आणि घटसर्पाच्या लसी. दवाखाने थाटायचे ठरले होते. पण कापसाच्या मळ्यांचे मालक मजुरांना बाहेर सोडीनात. परक्या बायका मजुरांचे कान भरतील, ही धास्ती! मग पोरे यायची कशी? बायकांनी दवाखानाच मोटारीत घातला आणि मळ्यामळ्यावर नेला. मालकाची माणसे कमरेला पिस्तूल लावून घोड्यावरून टेहळणी करीत. इकडे लस टोचणे चालूच. पुढे कित्येक उन्हाळे हा क्रम चालला, हजारो मुलांना लस मिळाली.

वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, त्यांना सुट्टी नव्हती का?”

होती की. सुट्टीतच गेल्या होत्या त्या.