शाळेतून ‘घेऊन जा’ असा फोन येतो तेव्हा



कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर हा आपला नगर रस्त्याचा पट्टा. इथल्या पुष्कळ जणी कंपनीत नाहीतर रानात कामाला जातात. कामावर असताना शाळेतून फोन आला, ‘तुमचा मुलगा वर्गात ओरडतोय, मारतोय, घेऊन जा’, की त्या दिवसाची हजेरी बुडते. एकदा झालं तर चालून जातं. पण काही आयांना हा फोन आठवड्यातून दोन-तीनदा येतो. मूल स्वमग्न असतं, किंवा त्याची समज वयाच्या मानानं मागे असते, किंवा त्याला अजून कुणी तपासलेलंच नसतं. मग फोन नको म्हणून आईच त्याला घरी ठेवू लागते, आणि शाळा सुटते.

अशा मुलाला वर्गात टिकवण्यासाठी एक पद्धत वापरतात. तिचं नाव अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, म्हणजे एबीए. मराठीत उपयोजित वर्तन विश्लेषण. नाव भारी आहे, पण त्यातलं मुख्य सूत्र तुम्ही रोज बघता. आठवडे बाजारात पोरगं खाऊसाठी लोळण घेतं. आपण चार वेळा नाही म्हणतो, पाचव्यांदा लोक बघतात म्हणून घेऊन देतो. पोरगं काय शिकलं? लोळायचं, आणि जास्त वेळ लोळायचं. वागण्यानंतर जे हाती लागतं, त्यानं ते वागणं पक्कं होतं.

आता वर्गात या. समजा, दुसरीतला एक मुलगा आहे, फारसं बोलत नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायचा तास आला की तो बाक आपटतो, शेजारच्याला ढकलतो. बाई रागावतात, तो आणखी ओरडतो, आईला फोन जातो, तो घरी जातो. त्याच्या बाजूनं बघा. लिहिणं जड जात होतं, ओरडल्यावर ते संपलं. घरी पाठवणं ही आपल्याला शिक्षा वाटते, त्याच्यासाठी ती सुटका ठरते. म्हणून ‘घेऊन जा’ या फोननं ओरडणं वाढतं.

एबीए जाणणारा माणूस इथे पहिल्यांदा वही काढतो. तीन रकाने: आधी काय झालं, मूल काय वागलं, नंतर काय झालं. ‘दंगा केला’ असं मोघम लिहायचं नाही. ‘सव्वाअकराला लिहायला सांगितलं, बाक तीनदा आपटला, बाहेर नेलं’ असं लिहायचं. आठ-दहा दिवसांत काहीतरी दिसू लागतं. एखाद्याचं लिहिण्यापासून पळणं असतं, एखाद्याला बाईंनी जवळ यावं असं वाटत असतं, एखाद्याला हातातली वस्तू हवी असते. कुणाला रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्नच सहन होत नाहीत. त्याला खिडकीपासून लांब बसवलं तरी निम्मं काम होतं. आणि त्याही आधी कान, दात, पोट दुखतं का ते बघायचं. न बोलणारं मूल दुखणं सांगणार कसं?

मग दुसरा मार्ग शिकवायचा. आपल्या दुसरीतल्या मुलाला एक चित्राचं कार्ड द्यायचं, अर्थ ‘थोडं थांबू द्या’. कार्ड दाखवलं की लगेच दोन मिनिटं मोकळीक. सुरुवातीला दर वेळी, न चुकता. परत आल्यावर पूर्ण फळा नाही, दोनच ओळी. त्या झाल्या की तिथल्या तिथे शाबासकी, ‘दोन ओळी लिहिल्यास’ अशी नेमकी. हवं तर घंटा वाजवायला द्या, झाडांना पाणी घालू द्या. रोज चॉकलेटच पाहिजे असं नाही. जमू लागलं की ओळी हळूहळू वाढवायच्या. आणि एक आधीच सांगते: ओरडण्यानं आता काही मिळत नाही असं कळल्यावर मूल पहिले काही दिवस जास्त ओरडू शकतं. नेमकं तेव्हाच घर आणि शाळा दोन्ही कंटाळतात.

या पद्धतीची दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेत १९६० च्या दशकात सुरुवातीच्या प्रयोगांत मुलांना चापट, अगदी विजेचा झटकासुद्धा दिला गेला. आज मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसं सांगतात, की हात हलवणं, डोलणं अशा निरुपद्रवी सवयी मोडायला आम्हाला भाग पाडलं, आणि त्याचा त्रास झाला. मला त्यांचं म्हणणं पटतं. मूल हात हलवत असेल आणि कुणाला लागत नसेल, तर हलवू द्यावं. कुणी उपाशी ठेवा, कोंडा, मारा असं सांगितलं तर तिथून मुलाला उचलून आणा. ‘अमुक महिन्यांत पूर्ण बरा करतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. स्वमग्नता हा ताप नव्हे, उतरायला.

आता शाळेत काय मागायचं? शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यात मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, आणि आठवीपर्यंत नाव काढून टाकता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व दोन्ही धरलेत. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक असतात, ते शाळांना भेटी देतात. मुख्याध्यापकांकडे त्यांची भेट लेखी मागा. तिथे हललं नाही तर शिरूरच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, आणि पोच घ्या. मुलाची तपासणीच झाली नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. आशाताईंना तारीख विचारून ठेवा. पुढच्या तपासणीसाठी आपलं जिल्हा रुग्णालय पुण्यात औंधला आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, आणि एकूण निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे बहुतेक गटात त्या समितीवरची एखादी तरी असेलच. तिनं पुढच्या सभेत इतकंच विचारावं: कोणत्या मुलाला वारंवार घरी पाठवलं जातं, आणि कोणत्या तासाला? त्या आईला सोबत न्या, तिची तीन रकान्यांची वहीही घ्या.