पाण्यातली घसरण कशी जोखावी?

शाळांना सुट्टी लागली की मुळशीतल्या हिंजवडी, पिरंगुट, पौडच्या घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: पोरांना पाण्याच्या राइडला न्यायचं तर कुठे? मोठी माणसं आधी घसरणीची उंची विचारतात. पण होडीची घसरण जेमतेम दोन-तीन सेकंदांची असते. राइडचा कस लागतो तो त्याआधीच्या प्रवासात आणि पाण्याच्या वापरात.

दोन घराणी

या राइडची दोन घराणी आहेत. पहिलं ओंडक्यांचं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या डोंगरांतून लाकूड खाली आणायला फळ्यांचे लांबच लांब पाट बांधत. कॅलिफोर्नियातला सँगरचा पाट ८० किलोमीटरहून लांब होता. तीच कल्पना घेऊन ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीने १९६३ मध्ये टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमध्ये ‘एल आसेरादेरो’ ही राइड उभारली. ओंडक्यासारखी अरुंद होडी, एकामागे एक बसलेली चार-पाच माणसं आणि वळणावळणाचा पाट, हे या घराण्याचं रूप.

दुसरं घराणं राइड म्हणून त्याहून जुनं. न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवर पॉल बॉयटनने १८९५ मध्ये सी लायन पार्क सुरू केलं. तिथे सपाट, रुंद होडी उतारावरून थेट तळ्यात सोडत. अशा होडीत बाकांच्या रांगा असतात आणि खाली आल्यावर पाण्याची भिंतच उठते. आपल्याकडच्या एस्सेलवर्ल्ड आणि इमॅजिका या दोन्ही मोठ्या पार्कांनी बसवलेल्या राइड याच घराण्याच्या जवळच्या.

होडी चालते कशी

होडीला इंजिन नसतं. पंप तळ्यातलं पाणी वरच्या पाटात चढवतात आणि वाहत्या पाण्याबरोबर होडी पुढे जाते. चढावर तिला पट्टा किंवा साखळी ओढून नेते. उतारावर काम गुरुत्वाकर्षणाचं आणि खाली ब्रेक लावतं ते पाणीच. होडीचा वेग पाणी ढकलण्यात खर्च होतो, त्यातूनच तुषार उडतात. नाक जितकं रुंद आणि चपटं, तितकी माणसं जास्त भिजतात.

सकाळी पंप सुरू होण्याआधी पाहिलं तर तळं काठोकाठ भरलेलं आणि वरचा पाट जवळजवळ कोरडा दिसतो. पंप सुरू झाले की तळ्याची पातळी उतरते. पंप बंद पडले तर वरचं पाणी पुन्हा खालीच येणार, म्हणून तळं तेवढं ऐसपैस ठेवावं लागतं.

उंचीचा हिशेबही समजून घ्यावा. घर्षण धरलं नाही तर १० मीटरच्या घसरणीत वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर होतो. उंची दुप्पट, म्हणजे २० मीटर केली तरी तो १०० होत नाही, ७० च्या आसपासच राहतो.

गोराई: एस्सेलवर्ल्ड

एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. मार्वे किंवा गोराई जेट्टीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून तिथे जावं लागे. तिथली ‘ॲक्वा डाइव्ह’ सरळ स्वभावाची होती: वर चढायचं, खाली घसरायचं, भिजायचं. राइडला गोष्ट नव्हती. पण महाराष्ट्रातल्या एका पिढीला या खेळाची ओळख गोराईनेच करून दिली, हे श्रेय त्या पार्कचं. आता ते पार्क बंद आहे.

खोपोली: इमॅजिका

खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं. मुळशीकरांना द्रुतगती मार्गाने खंडाळ्याचा घाट उतरला की ते जवळच. इथल्या ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’मध्ये होडी डायनोसॉरांच्या जंगलातून जाते आणि घसरण शेवटी येते. राजासॉरस खराखुरा भारतीय प्राणी. गुजरातमधल्या राहिओलीच्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये त्याचं ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असं नामकरण झालं. परदेशी पार्काची नक्कल न करता आपल्या मातीतला प्राणी निवडला, ही मला या राइडची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. मुलं ओली होऊन येतात आणि येताना एक नाव शिकून येतात.

कोलाड: मुळशीचंच पाणी

दुसरा पर्याय पार्कातला नाही. मुळा नदी पूर्वेला वाहते, भीमा आणि कृष्णेतून तिचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं. टाटांच्या मुळशी धरणाने त्यातलं बरंच पाणी पश्चिमेला वळवलं. सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातल्या भिऱ्याच्या वीजघरात ते टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिका नदीतून अरबी समुद्राकडे जातं. त्या सोडलेल्या पाण्यावरच कोलाडचं राफ्टिंग चालतं. इथे रूळ नाहीत, वल्हं आपल्याच हातात. पार्क तेच पाणी पुन्हापुन्हा वर चढवतं. कुंडलिकेतलं पाणी आधी वीज देऊन येतं.

या धरणासाठी मुळशी पेट्यातली गावं पाण्याखाली गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह त्यासाठीच झाला. मुलांना राफ्टमध्ये बसवण्याआधी ही हकीकत सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

निवड कशी करावी

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर खोपोलीला जावं. उंची-वयाचे नियम आधी पाहून घ्यावेत. मुलं मोठी असतील, अंगात धमक असेल, तर कोलाड. मात्र लाइफ जॅकेट आणि हेल्मेट नीट बसल्याशिवाय राफ्टमध्ये पाऊल ठेवू नये, आणि पाणी कधी सुटणार हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

दोन्हीकडे जमणार असेल तर आधी खोपोली करावी. पाणी होडीला कसं नेतं आणि कसं थांबवतं, हे पार्कात नीट समजतं. तेच पुढे नदीवर ओळखता आलं, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले.